सुरम्यात अँटिमनी नव्हतं

४ फेब्रुवारी

लॅबमध्ये शिफ्ट संपली की काय झालं ते चार ओळींत लिहून ठेवावं लागतं. घरी तशी सवय नाही. पण काल शिशिर गेला, आणि आज दिवसभर मी काय केलं ते मला संध्याकाळी आठवेना. म्हणून लिहिते आहे.

काल सकाळी रामकृष्णजींचा फोन आला. ते आणि शिशिर मिळून समता कॉलनीत दहावीचा क्लास चालवतात. गणित त्यांच्याकडे, विज्ञान शिशिरकडे. म्हणाले, "वहिनी, शिशिर नाही राहिला." आंघोळ करून बाहेर आला, खुर्चीवर बसला आणि संपलं. मी "बरं" म्हणाले. तसं का म्हणाले ते माहीत नाही.

शिशिरच्या तेलीबांध्याच्या घरात मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत राहत होते. मग तात्यापाऱ्यात दोन खोल्या घेतल्या. आमचं भांडण झालं नव्हतं. बोलणं कमी होत गेलं आणि एक दिवस दोघांनाही ते सोयीचं वाटायला लागलं. कोर्टात दोघांनी मिळून घटस्फोटाचा अर्ज दिला. एक तारीख झाली. दुसरी एप्रिलमध्ये होती, त्या दिवशी ते पक्कं होणार होतं.

काल गेले तर आत बायका त्याच्याभोवती बसलेल्या, बाहेर पुरुष. मी कुठे उभं राहायचं ते कळेना. आत बसायचं तर कोण म्हणून बसायचं? फाटकापाशी स्कूटर लावल्या होत्या, तिथे उभी राहिले. एका बाईने विचारलं, "आप ऑफिस से आई हैं क्या?" मी हो म्हणाले. ऑफिसला निघाले होते, तिथूनच वळले होते, त्यामुळे खोटं नव्हतं.

त्याला नेल्यावर घरी आले आणि आंघोळ केली. कुणाच्या घरी जाऊन आलेला माणूस आंघोळ करतो आणि मोकळा होतो. घरचा माणूस दहा दिवस सुतक पाळतो. मी यातलं काय करायचं?

आज सिलतऱ्याला, कारखान्याच्या लॅबमध्ये, कामावर गेले. आमचे सीनियर केमिस्ट गंगाधरजी म्हणाले, "मैडम, चेहरा उतरा हुआ है. घर में कुछ हुआ?"

"एक डेथ हो गई."

"अरे! कौन थे?"

"पहचान के थे."

ते "च्च" म्हणाले आणि चहा मागवला. एका सँपलमधल्या सिलिकॉनचं रीडिंग मी तीनदा घेतलं. तिन्ही बरोबर होती. तरी चौथं घेतलं.

६ फेब्रुवारी

आपल्यात मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे, ओळखीचे डबे घेऊन जातात. मला वाटलं, निदान हे तरी मला करता येईल. यात कुणाला काही विचारावं लागत नाही. पहाटे उठून पिठलं-भात केला आणि डबा घेऊन तेलीबांध्याला गेले.

आई, म्हणजे शिशिरच्या आई, विजयाताई, समोरच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. कोपऱ्यात पणती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"काय आहे?"

"पिठलं-भात, आई."

"कोणी केला?"

"मी."

"घरी? गॅस पेटवून?"

"हो."

"सुतकात चूल काहून पेटवली तू?" त्यांचा आवाज एकदम चढला. "कोणी सांगितलं तुले? इतकं नाही समजत?"

शिशिरचा धाकटा भाऊ भार्गव दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, राहू दे नं. आणला त्यांनी प्रेमानं."

"प्रेमाचं नाही म्हणून राहिले मी. घेऊन जा म्हणा. हे इथं नाही चालत."

तेवढ्यात शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या. तो मात्र आईंनी उघडला आणि सगळ्यांना वाढायला सांगितलं. मी माझा डबा पिशवीत घातला आणि निघाले.

शेजारणीचं चालतं आणि माझं चालत नाही. त्या "सुतकात" म्हणाल्या, ते मी ऐकलं. पण रागाच्या भरात म्हणाल्या की मलाही सुतक आहे असं धरून म्हणाल्या, ते कळलं नाही. डबा तर परतच आला. भात गायीला घातला. पिठलं मी खाल्लं. नंतर वाटलं की तेही खायचं होतं की नाही?

७ फेब्रुवारी

वकिलाचा फोन. कुणीतरी कळवलं असावं. म्हणाले, "मैडम, अब अप्रैल वाली तारीख की ज़रूरत नहीं. डिक्री हुई नहीं थी, तो क़ानूनन आप उनकी पत्नी ही हैं." मग थोडं थांबून म्हणाले, "मतलब, विधवा."

मी विचारलं नव्हतं.

दुपारी रामकृष्णजींचा फोन. परीक्षा महिन्याच्या शेवटी सुरू होते आहे, मुलं रोज येऊन बसतात, विज्ञानाचं कुणी नाही. दुसरा मास्तर या दिवसांत मिळत नाही. "वहिनी, तुम्ही एम. एस्सी. आहात. एकच धडा अर्धा राहिला आहे, मग नुसती उजळणी. पोट्टे चांगले आहेत हो."

मी म्हणाले, मी लॅबमधली आहे, मी कधी शिकवलं नाही.

"शिशिर म्हणायचा, सुजाता माझ्याहून जास्त जाणते."

असं तो म्हणायचा? मला कधी म्हणाला नाही. कोणता धडा राहिला आहे विचारलं. धातू, अधातू आणि उपधातू. त्यातले उपधातू राहिलेत.

हो म्हणाले. का म्हणाले ते उद्या बघू.

८ फेब्रुवारी

शिफ्ट संपल्यावर क्लासला गेले. जिना अरुंद आहे. वर एकच मोठी खोली, बाकं, आणि भिंतभर फळा. मुलांनी तो पुसलेला नव्हता. शिशिरचं अक्षर. तो खडू आडवा धरून लिहायचा, त्यामुळे अक्षर जाड येतं. तीन रकाने आखले होते. पहिल्यात धातू: चमक असते, ठोकले की पसरतात, तार निघते, वीज वाहते, ऑक्साइड क्षारीय. दुसऱ्यात अधातू: चमक नाही, ठोकले की चुरा, वीज वाहत नाही, ऑक्साइड आम्लीय. तिसऱ्या रकान्यावर "उपधातु" लिहून खाली रेघ मारलेली होती. बाकी रिकामा.

मी फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहायचं ठरवलं.

यशदीप नावाचा एक उंच मुलगा आहे, तो म्हणाला, "मैडम, आप नए सर हो?"

सगळे हसले. त्याच्या शेजारच्या मुलीने, अस्मिताने, त्याच्या पाठीत वही मारली. मीही हसले असावे, कारण नंतर मुलं जरा सैल झाली.

मी म्हणाले, उपधातूंत काही गुण धातूंचे असतात आणि काही अधातूंचे. पुस्तकात हेच वाक्य आहे. अस्मिता म्हणाली, "मैडम, ये तो कुछ भी नहीं हुआ. कौन सा गुण किधर का?"

मी उदाहरण दिलं. सिलिकॉन धातूसारखा चमकतो, पण धातूसारखा ठोकता येत नाही, काचेसारखा फुटतो. वीज वाहते, पण तांब्याइतकी नाही आणि गंधकासारखी अजिबात नाही असंही नाही.

"तो फिर वो है क्या?"

"उपधातु."

"वो तो नाम हो गया, मैडम," यशदीप म्हणाला.

उद्या रविवार आहे, नीट वाचून येते, असं त्याला म्हणाले.

९ फेब्रुवारी

दिवसभर वाचलं. राज्याच्या पुस्तकात सात उपधातू आहेत. माझ्या जुन्या कॉलेजच्या पुस्तकात सहा. भाचीचं नागपूरचं पुस्तक कपाटात होतं, त्यात यांना "धातुसदृश" म्हटलं आहे आणि यादी आणखी वेगळी. पोलोनियम एक जण घेतो, एक जण सोडतो. सेलेनियमचंही तसंच. ॲल्युमिनियम तर आवर्त सारणीतल्या जिन्यासारख्या रेघेला अगदी टेकून बसलं आहे, तरी त्याला सगळे धातू म्हणतात. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम एवढे सगळीकडे आहेत.

इतकी वर्षं मी सिलिकॉन रोज पाहते, पण आकड्यात. पोलादात किती टक्के, फेरोसिलिकॉनमध्ये किती. गोदामात शुद्ध सिलिकॉनच्या पोत्यावर "सिलिकॉन मेटल" लिहिलेलं असतं. व्यापारी त्याला धातूच म्हणतात. आणि वाळू, काच म्हणजे त्याचा ऑक्साइड, तो आम्लीय, म्हणजे अधातूसारखा. एकच वस्तू पोत्यावर एक आणि पुस्तकात दुसरी.

एक गोष्ट मात्र बरी सापडली. बोरॉन सोडियमबरोबर असला की अधातूसारखा वागतो आणि फ्लोरीनबरोबर असला की धातूसारखा. हे मुलांना सांगता येईल.

संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून काही खाल्लं नाही. भूक नव्हती असं नाही. गॅस पेटवायचा की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी पेरू खाल्ले.

१० फेब्रुवारी

मुलांना एखादा तरी उपधातू हातात द्यावा असं वाटलं. सिलिकॉनचा तुकडा लॅबमधून मिळेल. दुसरा कुठून आणायचा? वाचलेलं आठवलं की सुरमा म्हणजे अँटिमनीचा दगड. म्हणून कामावरून परस्पर गोल बाजारात गेले.

जडीबुटीवाल्याकडे विचारलं. तो म्हणाला, "दीदी, पिसा हुआ लोगी कि खड़ा?"

"खड़ा. असली है न?"

"एकदम असली. आँख में ठंडक देगा. हमारी अम्मा अस्सी साल की है, बिना चश्मे के सुई में धागा डालती है."

काळा, चकचकीत, जड दगड होता. हातावर घेऊन बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी?"

भार्गव होता. शेजारच्या दुकानातून दहाव्याचं सामान घेऊन निघाला होता. दोन्ही हातांत पिशव्या, दर्भ, पत्रावळी. दाढी वाढलेली.

"भाऊजी, कसे आहात?" मी विचारलं.

"ठीक." त्याने माझ्या हातातल्या दगडाकडे पाहिलं. मग दुकानाच्या पाटीकडे.

"सुरमा आहे," मी म्हणाले. "अँटिमनी. उपधातू आहे."

"अच्छा," तो म्हणाला.

मला वाटलं तो बुधवारच्या दहाव्याबद्दल काही सांगेल. तो म्हणाला, "परवा महादेवघाटावर आहे. पौर्णिमा आहे, पुन्नीची गर्दी राहील, लवकर निघू आम्ही." आम्ही म्हणाला. आपण म्हणाला नाही. मी "बरं" म्हणाले. तो गेला.

त्याला मी काही चुकीचं बोलले का? "उपधातू" हा शब्द त्याला माहीत नसेल.

११ फेब्रुवारी

लॅबमध्ये दगडाचा चुरा करून तपासला. शिसं आणि गंधक. अँटिमनी नावालासुद्धा नाही. गंगाधरजी पडद्यावर बघून हसले. "मैडम, ये तो गैलेना है. सीसे का अयस्क. बाज़ार में सब यही बेचते हैं सुरमा बोल के."

म्हणजे शिसं, चांगला पहिल्या रकान्यातला धातू. एवढी वर्षं केमिस्ट असून दुकानदाराच्या सांगण्यावर गेले.

सिलिकॉनचा एक तुकडा मागून घेतला. पुस्तकात आहे की तापवलं तर धातूची वाहकता कमी होते आणि उपधातूची वाढते. मल्टीमीटर लावून तापवून पाहिलं. आकडा वर जातो, खाली येतो, कुठेच ठरत नाही. आपला तुकडा शुद्ध नाही म्हणून असेल. मुलांसमोर हा प्रयोग करायचा नाही.

१२ फेब्रुवारी

आज दहावा. मी कामावर गेले.

संध्याकाळी क्लासला तांब्याची तार, गंधकाचा खडा, सिलिकॉनचा तुकडा, पेन्सिलीचं शिसं, दोन सेल आणि एक छोटा एलईडी घेऊन गेले. मुलांनी हातोडीसाठी भांडण केलं. तार चपटी झाली. गंधकाचा भुगा झाला. सिलिकॉन चमकत होता, तर यशदीपला वाटलं तोही चपटा होईल. त्याने जोरात मारलं आणि तुकडे उडाले. "अरे बाप रे, ये तो काँच निकला!" सगळी मुलं खाली वाकून तुकडे शोधायला लागली.

मग एलईडी. तांब्यावर लख्ख लागला. गंधकावर नाही. सिलिकॉनवर बारीकसा, ओंजळीत धरून बघावं लागलं. मग पेन्सिल लावली तर चांगला लागला.

"मैडम! पेंसिल भी जला रही है. तो वो भी उपधातु?"

"नहीं. वो कार्बन है, अधातु. उसका ग्रेफ़ाइट रूप बिजली ले जाता है."

"मतलब अधातु होके भी?"

"हाँ. और पारा धातु है, पर पानी जैसा बहता है. सोडियम धातु है, पर चाकू से कटता है."

"फिर तो ये खाने ही ग़लत हैं," यशदीप फळ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

मी म्हणाले, रकाने चूक नाहीत, पण एका गुणावरून कुणाला कुठे बसवता येत नाही. चार-पाच गुण एकत्र बघावे लागतात. मग बोरॉनचं सांगितलं, सोडियमबरोबर एक आणि फ्लोरीनबरोबर दुसरं. अस्मिता लिहिता लिहिता थांबली. "मतलब सामने कौन है, उस पर है?"

"बहुत कुछ उस पर है."

"हव," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

क्लास सुटल्यावर रामकृष्णजी जिन्यात भेटले. घाटावरून दुपारी परतले होते. डोळे लाल होते. म्हणाले, "पिंड ठेवले, तर कावळा येईचना. समोर फांदीवर बसलेले, पण खाली उतरत नव्हते. भार्गवनं सगळं सांगून पाहिलं, आईले सांभाळीन, क्लास बंद नाही होऊ देणार. काही नाही. मग आई स्वतः पुढे झाल्या. हात जोडून काही तरी बोलल्या, आणि लगेच शिवला."

"काय बोलल्या?"

"हळू बोलल्या. आम्हाले ऐकू नाही आलं." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही काहून नाही आल्या, वहिनी?"

मी म्हणाले, शिफ्ट होती.

त्याचं काय राहिलं होतं? आईला सांभाळणं नाही, क्लासही नाही. मला तरी दुसरं काही आठवत नाही. त्याला हव्या होत्या अशा गोष्टी थोड्याच होत्या.

१३ फेब्रुवारी

आज गेले तर फळा स्वच्छ होता. सकाळच्या बॅचच्या कुणीतरी पुसला. अस्मिता रडकुंडीला आली होती आणि सकाळच्या मुलांना शिव्या देत होती. मी म्हणाले, जाऊ दे, फळा पुसण्यासाठीच असतो. तिन्ही रकाने मी पुन्हा आखले आणि तिसराही भरला. मला काही वाटलं नाही. शिकवलंही चांगलं.

खाली आले तर स्कूटरची किल्ली सापडेना. पर्स रस्त्यावरच उलटी केली. किल्ली स्कूटरलाच होती. घरी येताना तात्यापाऱ्याचं वळण चुकून पुढे स्टेशनपर्यंत गेले. इतकी वर्षं या शहरात राहते.

घरी पोचले तर आईंचा फोन. त्यांचा फोन तीन वर्षांत आला नव्हता.

"भार्गव सांगत होता, तू सुरमा घेऊन राहिली होतीस म्हणे गोल बाजारात. दहा दिवस झाले नाहीत अन्."

तेव्हा कुठे मला कळलं की भार्गव त्या दगडाकडे तसा का बघत होता.

"डोळ्यांत घालायला नाही, आई. मुलांना दाखवायला. त्यात अँटिमनी असतं असं मला वाटलं होतं. शिशिरचा धडा राहिला होता ना, तो मी शिकवते आहे."

"कोण शिकवून राहिलं?"

"मी."

"क्लासमधी? त्याच्या?"

"हो. पण त्यात अँटिमनी नव्हतंच. शिसं निघालं."

तिकडून काहीतरी हुंकारासारखं ऐकू आलं. त्या हसत होत्या की रडत होत्या, फोनवर कळलं नाही. "बरं" म्हणाल्या आणि ठेवला. परवाच्या तेराव्याबद्दल बोलल्या नाहीत.

१५ फेब्रुवारी

आज तेरावा.

रामकृष्णजींना कार्ड आलं आहे. काल क्लासमध्ये मोबाइलवर दाखवलं. वर शिशिरचा फोटो, तो जुना, मी काढलेला, कटंगी गावच्या एका लग्नातला. खाली लिहिलं आहे की भोजनास यावे. त्यांच्या गणिताच्या दोन विद्यार्थ्यांच्या पालकांनाही आलं. शेजारच्या सगळ्यांना आलं. मला आलं नाही. कालपासून मी दर थोड्या वेळाने फोन पाहत होते. नेटवर्क नसेल म्हणून गच्चीवरही जाऊन पाहिलं.

आज शनिवार, सुट्टी घेतली होती. पांढरी सुती साडी काढून इस्त्री केली. पलंगावर ठेवली. बोलावलं नाही तिथे जाऊन जेवायला बसणं मला जमणार नाही. डबा परत आला तेव्हाच समजायला हवं होतं. वकील एक म्हणतो. कार्ड दुसरं म्हणतं. वकिलाचं खरं धरून काय करायचं, तो काही पंगतीला बसवणार नाही.

दुपारी भार्गवचे दोन मिस्ड कॉल आले. मी बाथरूममध्ये होते. नंतर मी फोन केला नाही. आचाऱ्याचा नंबर विचारायचा असेल, पूर्वी इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम मी बघायचे म्हणून. आणि दुसरं काही असेल तर ते आज ऐकायची ताकद नाही.

साडी परत कपाटात ठेवली.

१७ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवते, कारण अजून माझ्या लक्षात सगळं आहे.

क्लासमध्ये उजळणी चालली होती. मी एकेक उपधातू घेऊन तुलना विचारत होते. आर्सेनिक झालं, अँटिमनी झालं. अँटिमनीला सुरम्याची गोष्ट सांगितली, मुलं खूप हसली. यशदीप म्हणाला, "मैडम, दुकान वाले को लैब ले चलते हैं." टेल्युरियम फळ्यावर लिहिलं, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. फार हळू, मध्ये मध्ये थांबत.

दारात आई. फिकी साडी, डोक्यावर पदर, श्वास लागलेला. एक हात चौकटीवर. खाली रस्त्यावर भार्गवची गाडी उभी असलेली खिडकीतून दिसली.

मी खडू ठेवला. "आई, तुम्ही? एवढा जिना चढून..."

"तेराव्याले काहून नाही आली?"

मुलं वह्यांतून वर बघायला लागली. त्यांना मराठी थोडं थोडं समजतं.

"मला कार्ड आलं नाही, आई," मी म्हणाले. आवाज इतका खाली गेला की मलाच ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा म्हणाले.

"कार्ड?" त्यांनी चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "कार्ड बाहेरच्याले धाडतात, बाई. घरच्याले कोणी कार्ड धाडते काय? भार्गवले आलं काय? मले आलं काय? तिकडं तुझं ताट वाढलेलं. भटजी म्हणतात उशीर होऊन राहिला, अन् मी म्हणते थांबा, येऊन राहिली ती, सिलतऱ्याहून येते, वेळ लागते. फोन लावला भार्गवनं, तर उचलेना. शेवटी माझ्या हातानं झाकून ठेवलं ताट."

इतके दिवस मी उलटं वाचत होते की काय? मग तो डबा? मग "चूल काहून पेटवली"?

पहिल्या बाकावरून यशदीपने हळूच विचारलं, "मैडम, ये कौन हैं?"

मी म्हणाले, "सर की..." आणि पुढचं म्हणेपर्यंत आईच मुलांकडे वळल्या.

"तुम्हारे सर की माँ हूँ. और इसकी सास."

अस्मिताने माझ्याकडे पाहिलं. मग सर्वांनीच पाहिलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रामकृष्णजींनीही नाही. ती मुलं इतके दिवस मला दुसऱ्या क्लासमधून आलेली मॅडम समजत होती. अस्मिता उभी राहिली आणि मग एकेक करत सगळे उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही माहीत नसेल. यशदीपने मगाशी हसताना तोंडात धरलेलं पेनाचं टोपण काढून खिशात ठेवलं.

"बसा, बसा," आई म्हणाल्या. पहिल्या बाकावर अस्मिताने सरकून जागा केली, तिथे त्या बसल्या. पाय पुढे घेतले, पदराने तोंड पुसलं. "अर्धं काहून सोडलं? शिकव. मी बसते. पाय दुखून राहिले, लगेच नाही उतरत मी."

मी फळ्याकडे वळले. कुठवर आलो होतो ते मला आठवेना. खडू पुन्हा हातात घेतला, पण समोर काहीच दिसत नव्हतं.

"मैडम, टेल्यूरियम," मागून कुणीतरी म्हणालं.

टेल्युरियम मी कधी पाहिलेलं नाही. तसं मुलांना सांगितलं, आणि मग पुस्तकात जेवढं आहे तेवढं शिकवलं.